मामा, कॉइल चोक नव्हती

मामा, तुम्ही चुकला होतात. मुरुडच्या गुरुजींच्या गाडीची कॉइल चोक नव्हती.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण काल तुमच्या तेराव्याला जो उठला तो गोडच बोलला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलतच नाहीये. मी तुमची सून आहे, आणि नऊ वर्षं तुमच्या हाताखाली गाड्यांचे एसी दुरुस्त केलेत. सासरा-सून कमी आणि भांडखोर जोडीदार जास्त असे आपण राहिलो. त्यातलं शेवटचं भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही मधूनच उठून गेलात, हे काही तुम्हाला शोभलं नाही. आता ते मी एकटीच पुरं करते.

सासूबाई गेल्या त्या वर्षी तुमचा दुपारचा डबा माझ्याकडे आला. औसा रोडचं आपलं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं दोन गाड्या मावतील एवढी जागा. त्या दिवशी तुम्ही एका गाडीचा डाव्या बाजूचा कप्पा उतरवून बसला होतात. त्याच्या मागं हवेचा फिल्टर अडकला होता आणि तुमची बोटं काही तिथवर जात नव्हती. तुमचे हात म्हणजे वरवंटेच. तुम्ही दोन शिव्या हासडल्यात, मग मी उभी आहे हे दिसलं आणि एकदम गप्प झालात. मी डबा खाली ठेवला आणि हात आत घातला. माझा पार मनगटाच्या वर गेला. फिल्टर बाहेर आला तसं त्यातून सोयाबीनचं भुसकट भसाभस खाली पडलं. गाडीवाल्यानं राशीच्या वेळी मळणीयंत्राशेजारीच गाडी लावून ठेवली होती.

"हात बारीक हाय तुझा," तुम्ही म्हणालात. "कामाचा हाय."

त्याआधी या घरात माझ्या हाताबद्दल कुणी काही बोललं असेल, तर ते भाकरीच्या कडा फाटतात म्हणून. मला तुमचं ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी डबा तासभर लवकर नेला.

मग तुम्ही मला शिकवायला लागलात. शिकवतोय असं कधी म्हणाला नाहीत, फक्त चिडत राहिलात. मी पाना उचलला की ओरडायचात, "गाडीला मंग हात लाव. आधी माणसाला इचार!" जाळीतून हवा कमी येते म्हणून गाडी आली, की तुम्ही गिऱ्हाइकाला चहा पाजायचात आणि चौकशी सुरू. कवापासून कमी हाय? बसल्या बसल्याच कमी, का अर्ध्या तासानं? तोंडावर येत न्हाई, मंग पायावर येती का? पंखा चार नंबरवर नेला तर आवाज वाढतो का? आवाज मोठा आणि हवा बारकी असेल तर हवेचा रस्ता कुठंतरी अडलाय, फिल्टरपाशी नाहीतर हवा गार करणाऱ्या कॉइलपाशी. आवाजच बारका असेल तर मोटार बघ, नाहीतर करंट बघ. तोंडावरची हवा पायावर जात असेल तर आतली झडप अडकलीय. निम्मा रोग तर माणूस चहा पिता पिता सांगतो, हे तुमचं म्हणणं. बाकीचे पहिल्याच दिवशी डॅशबोर्ड उतरवून गाडीचा खुळखुळा करतात, आणि तुम्ही एक स्क्रू न काढता सांगायचात की बाबा, तुझा फिल्टर उलटा बसवलाय. मला तुमचा लई अभिमान वाटायचा. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच फुगला असता.

पण पडदाही तुम्हीच लावलात, मामा. तोही विसरले नाहीये मी.

दुकानाच्या मागच्या बाजूला दोरीवर जुनी चादर टाकलीत आणि गाडी आली की मला म्हणायचात, "आत जा." बोलणं तुमचं, हात माझे. गिऱ्हाईक चहाला गेलं की मी बाहेर यायची, काम करायची, आणि ते परत आलं की पुन्हा आत. "चार चौघांत बाईनं सांगितलं की गाडी उचलून नेतेत लोकं," हे तुमचं कारण. पहिली दोन वर्षं मला ते पटलंही. मग एकेक जण विचारायचा, "मामा, झकास हवा आली की, काय केलंत?" आणि तुम्ही म्हणायचात, "मी बघितली नीट." मी चादरीमागं ब्लोअरचं पातं पुसत उभी असायची आणि ऐकायची.

नांदेडचा तो दिवस आठवतो का? तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देते. विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या एका सरांनी तुम्हाला बोलावलं होतं. तिथल्या दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. तुम्ही मला एसटीनं सोबत नेलंत, सामानाची पिशवी धरायला म्हणून. गाडी सुरू केली तर हवा भरपूर. तुम्ही अर्धा तास सगळं तपासलंत, काही सापडेना. सर म्हणाले, "आता चालवून बघा, हळूहळू कमी होते." धरणाच्या रस्त्यानं चक्कर मारली, तर खरंच अर्ध्या तासात फुंकर उरली. तुम्ही कपाळाला आठ्या घालून खाली उतरलात. एसी बंद केला होता. मी गाडीखाली बघितलं, तर पाण्याचं हे एवढं थारोळं. एसीचं पाणी टपकतंच, पण इतकं? मी तुमच्या कानाशी येऊन सांगितलं, "मामा, कॉइलवर बर्फ साचायलाय. बर्फानं हवा अडायलीय, अन् बंद केलं की वितळून वाहायलाय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. गारव्याचा अंदाज घेणारा छोटा सेन्सर खराब होता, म्हणून कॉम्प्रेसर वेळेवर बंदच होत नव्हता. सेन्सर बदलला, गाडी झाली.

सर म्हणाले, "मामा, तुमच्यासारखा माणूस इथं पाहिजे होता." तुम्ही हात जोडलेत. मी पिशवी धरून उभी होते.

परत येताना लोह्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही भजी घेतलीत. तुमच्या कागदातली निम्मी भजी माझ्या कागदात टाकलीत आणि म्हणालात, "खा." त्या एका शब्दात तुम्हाला काय काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. पण मला भजी नको होती, मामा. सरांसमोर एक वाक्य हवं होतं. भजी मी सगळी खाल्ली, तो भाग वेगळा.

त्यानंतर मी पडद्यावरून भांडायला लागले. तुम्ही कधी हसण्यावारी न्यायचात, कधी सासूबाईंची आठवण काढून विषय बदलायचात. एकदा म्हणालात, "मी मेल्यावर काढ ती चादर." मामा, असलं बोलून माणसाला गप्प करायची तुमची खोड फार वाईट होती.

आणि मग गुरुजींची गाडी आली.

गुरुजी म्हणजे तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मुरुडचे रिटायर हेडमास्तर. त्यांच्या मंडळींना, म्हणजे मावशींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूरला आणावं लागतं. परत जाताना मावशी गळून गेलेल्या असतात, मागच्या सीटवर आडव्या होतात. मे महिन्याचं ऊन, आणि मागपर्यंत हवाच पोचत नाही. पंखा चार नंबरवर, आवाज जोरात, आणि जाळीतून येते ती फुंकर. त्या दिवशी गुरुजी एकटेच आले होते, मावशींना घरी ठेवून. तुम्ही फिल्टर नवा टाकलात. ब्लोअर काढून पातं साफ केलंत, पुन्हा बसवलंत. तरी फुंकरच.

"कॉइल चोक हाय, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "डॅशबोर्ड उतरवावा लागंल. चार दिस गाडी ठिवा."

"चार दिवस? मग हिला कसं आणू?" गुरुजींचा चेहरा पडला.

मला राहवलं नाही. मी चादर बाजूला करून बाहेर आले. "मामा, खटका बाहेरच्या हवेवर हाय. एकदा आतली हवा करून बघा की."

एवढंच म्हणाले. प्रत्येक गाडीत तो खटका असतो. एकीकडे केला तर काचेच्या पायथ्याकडून बाहेरची हवा आत ओढली जाते, दुसरीकडे केला तर गाडीतलीच हवा फिरत राहते. फिल्टर आणि कॉइल दोन्ही हवांच्या वाटेवर असतात. आतल्या हवेवर जोर आला की समजायचं कॉइल मोकळी आहे, अडचण बाहेरच्या तोंडाशी आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. हे मला तुम्हीच शिकवलं होतंत.

तुमचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तुला कुणी इचारलं? आत जा." आणि गुरुजींकडं वळून हसलात, "पोरगी हाय, मोबाईलवर बघून बोलती."

नऊ वर्षं, मामा. आणि मोबाईलवर बघून.

गुरुजी गाडी ठेवून एसटीनं गेले आणि आपली जुंपली. "चार चौघांत माझी इज्जत काढलीस," तुम्ही म्हणालात. चार चौघं कुठली, एकटे गुरुजी होते. मी म्हणाले, "इज्जत न्हाई काढली, खटका दाबा मनलं." तुम्ही म्हणालात, "न्हाई दाबत जा." आणि खरंच दाबला नाहीत. शटर ओढलंत. स्कूटरवर घरापर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा मागितलात, आणि मी चहा आणेपर्यंत थांबला नाहीत.

घरात बायका जमल्या तेव्हा कुजबुज कानावर आलीच. आदल्या दिवशी सुनेनं भांडण केलं म्हणं. छातीला लागलं म्हणं म्हाताऱ्याच्या. मी त्यांच्या देखत रडले नाही, म्हणून तेही धरलं. मामा, त्या भांडणाबद्दल मी तुमची माफी मागणार नाही. मी बरोबर बोलले होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण एक गोष्ट आहे, ती कुजबुजणाऱ्या कुणाला माहीत नाही. त्या दिवशी गाडीत डोकं घालून बसला असताना तुम्ही दोनदा डावा खांदा चोळलात. तुम्हाला घाम फुटला होता. एरवी तुम्ही एवढ्या लवकर कॉइलवर आला नसतात, घाई केली नसतीत. मी ते बघितलं आणि गाडीचाच विचार करत राहिले. माणसाला विचारलं नाही. त्याची रुखरुख मला जन्मभर राहणार आहे. बाकी कुणी कशाचा दोष मला द्यायचा नाही.

पाचव्या दिवशी गुरुजी मावशींना घेऊन भेटायला आले. पुरुष ओसरीवर, बायका आत. तुमचे धाकटे भाऊ, आपले काका, मधोमध बसले होते. घरातलं सगळं आता त्यांच्या शब्दावर चाललं होतं. मी पाणी घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा ते गुरुजींना सांगत होते, "गाडी घेऊन जावा तुमची. दुकान आता भाड्यानं द्यायचं हाय. मोबाईलवाला एकजण तयार हाय, तेराव्याला येतोच."

मला हे असं कळलं, पाण्याचा तांब्या हातात असताना. तुमचा मुलगा शेजारीच बसला होता. शिरूर अनंतपाळच्या शाळेत तो वर्गभर पोरांना गप्प बसवतो, पण काकांपुढे स्वतःच गप्प बसतो. तो फरशीकडे बघत होता.

आत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दम लागलेला. म्हणाल्या, "आता हे एसटीनंच आणायलेत मला. बाई, कुणाकडं दाखवावी गाडी? दुसऱ्याला फोनवर इचारलं तर त्यानं बी डॅशबोर्ड काढायचंच मनलं, आठ दिस लागतेल मनला."

आणि माझ्या तोंडून आपोआप तुमचा प्रश्न निघाला. सुतकात, पाचव्या दिवशी, बायकांच्या घोळक्यात. "मावशी, तो खटका बाहेरच्या हवेवर कोण ठेवतं?"

"मीच की," मावशी म्हणाल्या. "कोंडलेल्या हवेत माझा जीव घाबरतो. यांना हातच लावू देत न्हाई मी त्याला. कवाच न्हाई."

म्हणजे ती गाडी कायम बाहेरच्या हवेवरच चालत होती, आणि दुसऱ्या बाजूची हवा कशी आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. गुरुजींनी नाही, तुम्हीही नाही. मी म्हणाले, "उद्या दहाला दुकानात या."

"आगं, तुम्हाला सुतक हाय की," एकजण म्हणाली. मावशींनी तिच्याकडं बघितलंही नाही. "माझ्या नाकाला सुतक कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "येते."

सहाव्या दिवशी मी खुंटीवरची किल्ली घेतली. तुमचा मुलगा दारात आडवा आला. "कुठं निघालीस?"

"दुकानात."

"सारिका, लोक काय मनतेल?"

"मनतेल की सुतकात दुकान उघडलं. खरंच हाय की ते."

तो बाजूला झाला. आला मात्र नाही सोबत. मी एकटीनं शटर वर केलं. आत तुमचा वास होता, ग्रीसचा आणि तंबाखूचा. मग मी ती चादर दोरीवरून ओढून काढली आणि तिनंच बॉनेट पुसलं.

गुरुजी बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सुतकी घराच्या दुकानात पाय कसा टाकायचा हा त्यांचा प्रश्न. मावशी सरळ येऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी गाडी सुरू केली, पंखा चारवर नेला. फुंकर. "मावशी, एक मिनिट जीव घट्ट करा," म्हणाले आणि खटका दाबला. आत झडप फिरल्याचा टक आवाज आला आणि मावशींचा पदर डोक्यावरून उडाला.

"आगं बया!" मावशी हसायलाच लागल्या. खटका मागं घेतला, पुन्हा फुंकर. पुढं केला, पुन्हा वारं. मी चार वेळा केलं. दोनदाच पुरलं असतं, पण दुसऱ्या दोन वेळा तुमच्यासाठी होत्या.

मग वायपर काढले आणि त्यांच्याखालची काळी प्लास्टिकची पट्टी उचलली. हवा आत जायचं तोंड तिथं असतं. तोंड कसलं, तिथं पार गच्च भरलेलं होतं. वाळलेला झेंडू. नारळाच्या शेंड्या. कुंकवानं लाल झालेले तांदूळ. आणि त्या सगळ्याच्या मधोमध कापसाचं आणि चिंध्यांचं उंदराचं घर.

अक्षता तुमच्या हातच्या होत्या, मामा. दसऱ्याला तुमची सगळी जुनी गिऱ्हाइकं गाड्या दुकानापुढे आणून लावायची, घरी पूजा न करता. मामांच्या हातची पूजा झाली की वर्षभर गाडी अडत नाही म्हणायची. तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून, एकेका गाडीला स्वस्तिक काढायचात, काचेवर मूठभर अक्षता, बॉनेटवर झेंडू कुस्करून. हात कधी आखडता घेतला नाहीत. ते सगळं घरंगळत काचेच्या पायथ्याशी यायचं आणि पट्टीच्या फटींतून आत पडायचं. गुरुजींनी एक दसरा चुकवला नव्हता. आणि तांदूळ म्हटल्यावर उंदीर आलाच. खाऊन पिऊन फुलांच्या गादीवर घर करून राहिला.

मी बॉनेटमध्ये डोकं घालून हसत होते. मग ते हसू कधी फिरलं ते कळलं नाही. पाच दिवस जे आलं नव्हतं ते तिथं आलं, इंजिनाच्या आवाजात, कुणाला ऐकू न जाता.

"काय सापडलं गं?" मावशींनी आतून विचारलं.

"मामांची पूजा," मी म्हणाले.

तेव्हा गुरुजी सुतक विसरून दुकानात आले. बघत राहिले. "आता ह्याला काय मनावं?" एवढंच बोलले. मी सगळं हातानं काढलं, ब्रश फिरवला, हवेच्या पाइपनं साफ केलं, तोंडावर बारीक जाळी लावली. डॅशबोर्डचा एक स्क्रू हलवला नाही. मावशी मागच्या सीटवर आडव्या झाल्या, खटका त्यांच्या मनासारखा बाहेरच्या हवेवर, आणि वारं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. डोळे मिटून म्हणाल्या, "आता जाऊ द्या गाडी." गुरुजी मुरुडला गेले.

काका दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. मीही नेलं नाही.

काल तेरावा झाला. जेवणाआधी चार जणांनी चार शब्द बोलायचं ठरलं होतं. गुरुजी शेवटी उठले. माईक हातात घेतला, डोळे पुसले. तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले, आणि सगळं खरं बोलले, इथपर्यंत माझी तक्रार नाही. मग म्हणाले, "शेवटची गाडी माझी. जाता जाता मामा रोग ओळखून गेले. सुनबाईनं त्यांच्या सांगण्याप्रमाणं हात फिरवला, अन् गाडी झाली." मंडपातल्या माना डोलल्या. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. नऊ वर्षं जे ऐकलं तेच त्यांच्या तोंडून आलं. खोटं म्हातारं झालं की लोकांना खरं वाटायला लागतं, आणि हे खोटं आपण दोघांनी मिळून वाढवलं होतं. मीही नऊ वर्षं चादरीमागं गप्प उभी होतेच की.

आणि मंडपाच्या कडेला तो मोबाईलवाला बसलेला, काकांच्या शेजारी. मला दिसत होतं, हे वाक्य असंच राहिलं तर दुकान गेलं. मामा गेले म्हणजे कारागीर गेला, मग दुकान कशाला ठेवायचं? सरळ हिशेब होता त्यांचा.

मी बायकांतून उठले.

"गुरुजी, तसं न्हाई झालं," मी म्हणाले. माईक नव्हता, पण मागच्या रांगेतल्यांनीही वळून बघितलं. "मामा कॉइल मनले होते. कॉइल चोक नव्हती. मामा चुकले होते. गाडी मी केली. विष्णुपुरीच्या सरांची बी मीच केली. अन् इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या गाडीला आज वारं लागतंय, त्याला हात माझा लागलाय. शिकवलं मामांनी. केलं मी."

"सारिका, आत जा," काका म्हणाले. शब्द तुमचा, आवाजही तुमचाच. भाऊच ते. क्षणभर माझं पाऊल मागं जायला निघालं होतं. मी नाही गेले.

गुरुजी माईक धरून तसेच उभे होते. मला वाटलं चिडतील. हेडमास्तर माणूस, भर मंडपात सुनेनं चूक काढली. ते म्हणाले, "माझं वाक्य चुकलं. मी ते खोडतो." आणि बायकांतून मावशींचा आवाज आला, दम लागलेला पण खणखणीत, "खोडा, अन् बरोबर लिहा."

काकांनी तुमच्या मुलाकडं वळून बघितलं. "किल्ली आण. हे पाव्हणे थांबलेत दुकान बघायला."

तुमच्या मुलानं मान वर केली. मग म्हणाला, "किल्ली तिच्यापाशी हाय, काका. तिलाच मागा."

काकांनी मागितली नाही. मोबाईलवाला जेवून गेला. आज सकाळी दहाला मी दुकान उघडलं. पहिली गाडी आली ती औशाची, हवा पायावर जाते म्हणून. माणूस आत डोकावून म्हणाला, "मामा न्हाईत?" मी म्हणाले, "मामा वारले. काय होतंय गाडीला, बसा, चहा घ्या." तो जरा घुटमळला. मग बसला.

म्हणजे मी जिंकले, मामा. सगळ्यांच्या देखत. गुरुजींनी वाक्य खोडलं, काका गप्प बसले, तुमच्या मुलाला तोंड फुटलं. पण यातलं कुणाचंच मान्य करणं मला इतकं हवं नव्हतं. मला तुमचं हवं होतं. ते तांदूळ आणि ती वाळकी फुलं तुमच्यापुढं ओतायची होती आणि तुमचा चेहरा बघायचा होता. तुम्ही "चुकलो" म्हणाला नसतात, ते मला माहीत आहे. तुम्ही टोपी सारखी केली असतीत, दोनदा खाकरला असतात, आणि दुसरीकडं बघत म्हणाला असतात, "जास्त शानपण करू नगं. ती पट्टी नीट बसव, न्हाईतर पावसाचं पाणी आत जाईल."

तेवढ्यावर मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं.

पट्टी नीट बसवलीय, मामा.